चांदीच्या कारखान्यातलं बायोमेट्रिक: बोट, चेहरा आणि दारामागच्या दोन तारा

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हुपरीत आमचा चांदीच्या पैंजणांचा कारखाना आहे. आटणीपासून पॉलिशपर्यंतचं काम एका छताखाली होतं, जोडकाम मात्र निम्मं गावातल्या घराघरांत जातं. चांदीचं वजन, कारागिरांची हजेरी आणि बँक ही तिन्ही खाती माझ्याकडे. त्यामुळे दारांना बायोमेट्रिक बसवायचं ठरलं तेव्हा डीलरकडे फेऱ्या मारायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. दोन पावसाळे ही मशीनं वापरून झाली आहेत, म्हणून आता लिहिते.

कंपनीचं आणि डीलरचं नाव देणार नाही. दिलं तरी फारसा उपयोग नाही, कारण या बाजारात एकच चिनी बोर्ड चार वेगवेगळ्या लेबलांच्या डब्यांत विकला जातो. नावावर जाण्यापेक्षा डब्यात काय आहे आणि तो भिंतीवर कसा बसवला आहे हे बघितलेलं बरं.

आमच्याकडे तीन गोष्टी आहेत. हजेरीसाठी बोटाचं साधं मशीन, मुख्य दाराला चेहरा ओळखणारं मशीन आणि चुंबकी लॉक, आणि तिजोरीच्या खोलीला बोट अधिक पिन, तेही दोन माणसांचं मिळून. वायरिंग, बॅटऱ्या, बसवणावळ आणि जीएसटी धरून बिल झालं ४८,००० रुपये. त्यातले जवळपास निम्मे मशीनांचे नाहीत, दारांचे आहेत. डीलरच्या पहिल्या कोटेशनमध्ये हे दारांचे पैसे नव्हतेच. ते का वाढले, ते पुढे येईल.

मुळात गरज का पडली? चांदी २०२५ मध्ये किलोला लाखाच्या वर गेली, आणि मूठभर घुंगरांकडेही लोक वेगळ्या नजरेनं बघायला लागले. आमच्या धंद्यात प्रत्येक टप्प्यावर थोडी घट ठरलेली असते. आटवताना थोडी जाते, घासताना थोडी, पॉलिशला थोडी. ठरल्या घटीपेक्षा चार ग्रॅम जास्त गेले की कोणी उघड बोलत नाही, पण सगळे एकमेकांकडे बघतात. तिजोरीच्या खोलीची एक किल्ली मामांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या कंबरेला, दुसरी यांच्याकडे. आणि तिसरी कुठे आहे यावर घरात दोन मतं होती. चोर पकडायला म्हणून नाही, तर खोली कधी आणि कोणी उघडली हे सांगणारं काहीतरी हवं होतं म्हणून आम्ही या फंदात पडलो.

आधी बोटाच्या मशीनचं सांगते, कारण सगळे तेच घेतात. चार-सहा हजारांत मिळतं आणि डीलरच्या काउंटरवर झकास चालतं. तिथे बोट लावणारा असतो सेल्समन. त्याचं बोट मऊ, स्वच्छ आणि कोरडं. आमच्या पॉलिशवाल्यांचे हात बघा एकदा. दिवसभर रिठ्याच्या फेसात पितळी ब्रश, मधूनच तेजाबी पाण्याचा शिंतोडा, वर बफचं चाक. अंगठ्याचा पुढचा फुगीर भाग गुळगुळीत होऊन चमकतो. पेराजवळ रेषा दिसतात, पण मशीनला हवी असते ती त्या फुगीर भागाच्या मधली जागा, आणि तिथे रेषाच नाहीत. सकाळी नऊला दारात रांग, आणि मशीन गोड आवाजात हिंदीतून म्हणतंय, कृपया फिर से प्रयास करें. पॉलिशमधले एक काका शेवटी त्याला म्हणाले, "अगं बाई, पंचवीस वर्षं हेच बोट आहे की!"

यात मशीनचा दोष निम्माच. स्वस्तातल्या मशीनांत बहुतेक ऑप्टिकल सेन्सर असतो. काचेखालून उजेड पडतो आणि बोटाच्या रेषांचा फोटो निघतो. रेषा कुठे संपते, कुठे तिला फाटा फुटतो, अशा जागा मशीन टिपून ठेवतं आणि दुसऱ्या वेळी त्याच जागा जुळतात का बघतं. रेषाच झिजल्या तर जुळवणार काय? काचेवर चांदीची भुकटी आणि तेलाचा थर बसला की आणखी गोंधळ. कपॅसिटिव्ह सेन्सर काचेऐवजी चिपवर विजेचा भार मोजतो, पण थंडीत कोरडी पडलेली, भेगाळलेली बोटं त्यालाही नकोशी असतात. कातडीच्या आतला थर वाचणारे सेन्सरही मिळतात, पण त्यांची किंमत आमच्यासारख्यांच्या आवाक्यातली नाही. रेशन दुकानात शेतमजुरांच्या अंगठ्याचं जे होतं, तेच आमच्या दारात होत होतं.

काही उपाय मात्र खरंच लागू पडले. अंगठा आणि तर्जनी सोडून डाव्या हाताची अनामिका नोंदवायची, कारण कामात ती सगळ्यात कमी झिजते. नोंदणी सुट्टीनंतरच्या सकाळी करायची, हात साबणानं धुऊन आणि पुसून, पण अगदी कोरडे खडखडीत न करता. प्रत्येकाची निदान दोन बोटं, तीही वेगवेगळ्या हातांची. आणि काच दिवसातून एकदा कोरड्या सुती फडक्यानं पुसायची, थिनरनं कधीच नाही. एवढं करून पॉलिश सोडून बाकीच्या सगळ्यांचा प्रश्न सुटला.

पॉलिशवाल्यांसाठी डीलरचा माणूस आला आणि त्यानं जे केलं, त्यासाठी तरी हा रिव्ह्यू वाचाच. मेनूत गेला, एक आकडा खाली आणला आणि म्हणाला, "वहिनी, आता सगळ्यांची बोटं घेतंय." आणि खरंच घ्यायला लागलं. सगळे खूश. मग एका सकाळी आटणीवरच्या पोरानं बोट लावलं आणि मशीननं पॉलिशमधल्या दुसऱ्याच माणसाचं नाव उच्चारून त्याची हजेरी मांडली. पोरगं हसायला लागलं. मी नाही हसले, कारण तोच माणूस तसलंच मशीन आमच्या तिजोरीच्या खोलीला बसवायला निघाला होता.

त्यानं खाली आणलेला आकडा म्हणजे जुळणीची मर्यादा. बोट किती जुळलं म्हणजे होकार द्यायचा, तो उंबरठा. वर ठेवला तर आपल्याच माणसाला मशीन बाहेर ठेवतं, खाली आणला तर परक्याला आत घेतं. दोन्ही चुका एकदम शून्यावर आणणारं मशीन कुठेही मिळत नाही, महागातलंही. पण बोट घेत नाही ही तक्रार रोज सकाळी दारात उभी राहते, चुकीचं बोट घेतलं ही तक्रार करायला कोणी येत नाही. म्हणून टेक्निशियन नेहमी त्याच बाजूला आकडा ढकलतात, त्यांचा फोन वाजायचा बंद होतो. मी आकडा परत कंपनीच्या मूळ ठिकाणी आणायला लावला. पॉलिशवाल्यांसाठी आधी स्वतःचा नंबर दाबायचा आणि मग बोट, अशी सोय त्याच मशीनमध्ये निघाली. नंबर दिला की मशीन सगळ्यांच्या बोटांत शोधत बसत नाही, फक्त त्या एका माणसाच्या नोंदीशी ताडून बघतं. त्यामुळे दुसऱ्याचं नाव लागायचा धोका पुष्कळ कमी होतो. हे फुकट होतं, मेनूतच होतं, आणि डीलरनं आपणहून सांगितलं नव्हतं.

बोटाचं मशीन फक्त हजेरीपुरतं घ्यायचं असेल तर घ्या. पाचपैकी अडीच.

आता चेहरा. मुख्य दाराला चेहऱ्याचं मशीन घ्यायचं ठरलं तेव्हा डीलरनं दोन ठेवली समोर, एक साडेसहा हजारांचं आणि एक चौदा हजारांचं. दिसायला सारखी. मी माझा चेहरा दोन्हींत नोंदवून घेतला, मोबाइलमध्ये स्वतःचा फोटो काढला आणि तो मशीनसमोर धरला. साडेसहा हजारांच्या मशीननं फोटोला नमस्कार करून दार उघडायची क्लिक दिली. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, मॅडम, असं कोण करतंय? महागड्यानं मोबाइलकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्याला दोन भिंगं आहेत, एक साधं आणि एक इन्फ्रारेडचं. मोबाइलच्या पडद्यातून त्या उजेडात चेहरा उमटत नाही, नुसता काळा चौकोन दिसतो. कागदावरच्या छापील फोटोनंही ते फसलं नाही. घ्यायच्या आधी ही परीक्षा दुकानातच करा, पाच मिनिटं लागतात. दुकानदार करू देत नसेल तर उत्तर तिथेच मिळालं.

कारखान्यासाठी चेहऱ्याचा खरा फायदा म्हणजे हात मोकळे राहतात. दोन्ही हातांत ट्रे असतो, बोटांना काळं लागलेलं असतं, तरी माणूस नुसता उभा राहिला की झालं. डोक्यावर पदर असला तरी चालतं, चष्मा चालतो, कपाळभर कुंकू चालतं. श्रावणभर दाढी ठेवणाऱ्यांनाही ओळखलं, एकाला मात्र नाही. त्याची नोंदणी पुन्हा केली. तोंडावर रुमाल आणि हेल्मेट मात्र काढायलाच लावायचं, तिथे सवलत नाही. सख्खे जुळे भाऊ कामाला असतील तर त्यांच्यासाठी चेहऱ्यावर अवलंबून राहू नका, त्यांना बोट किंवा कार्ड द्या. जुळ्यांचे चेहरे सारखे असतात, बोटांचे ठसे नसतात.

बसवताना एक गोष्ट बघा. आमचं दार पूर्वेला. सकाळी माणसाच्या पाठीमागून ऊन थेट भिंगात शिरायचं आणि नेमक्या नऊच्या गर्दीत मशीन आंधळं व्हायचं. डीलर म्हणाला फर्मवेअर, म्हणजे मशीनच्या आतलं सॉफ्टवेअर, बदलू. आमच्या सुतारानं वर पत्र्याचा छोटा छज्जा मारला आणि मशीन बाजूच्या भिंतीवर घेतलं, तेव्हापासून बरं आहे. उंचीही विचार करून ठरवा. आमच्याकडे सहाफुटी आटणीवाला आहे आणि जेमतेम पावणेपाच फुटांची घुंगरं जोडणारी मावशी आहे. दोघांनाही टाचा उंचावायला किंवा गुडघे वाकवायला लागू नयेत. चेहऱ्याच्या मशीनला पाचपैकी चार.

इथवरचं सगळं कुठल्याही जाहिरातीत थोडंफार सापडेल. दाराचं मात्र सापडत नाही, म्हणून जरा सविस्तर.

मशीन माणूस ओळखतं, अडवतं दार. मुख्य दाराला डीलर जे बसवतात त्याला ते ईएम लॉक म्हणतात. चौकटीला लांबट चुंबक, दाराला लोखंडी पट्टी. वीज चालू असेपर्यंत चिकटून राहतं. आमचं ६०० पौंडांचं आहे, म्हणजे साधारण २७० किलोचा ओढा सहन करणारं. ऐकायला भक्कम वाटतं. पण वीज गेली की त्याची ताकद शून्य. महावितरणनं दुपारी तासभर लाइन घेतली आणि बॅटरी नसली, तर दार वाऱ्यानंही उघडतं. कोटेशनमध्ये १२ व्होल्टची ७ एएचची बॅटरी आणि ती चार्ज करणारा सप्लाय आहे का, हे नीट वाचा. आमच्यात पहिल्यांदा नव्हता, "इन्व्हर्टर आहे की तुमच्याकडे" म्हणाले. इन्व्हर्टरचा स्विच कोणीही बंद करू शकतं, ही बॅटरी कुलूपबंद डब्यात राहते. ती साधारण दोन वर्षांनी दमते. आमची दमली, आणि ते कळलं लाइन गेल्यावरच.

तरीही मुख्य दाराला ईएम लॉकच योग्य, हे ठामपणे सांगते. आत भट्टी आहे, गॅसच्या टाक्या आहेत. आग लागली, वीज गेली, तर दार उघडलंच पाहिजे. आतल्या बाजूला बटण आहे आणि काच फोडून लाइन तोडायचा लाल डबाही आहे. तो डबा डीलरनं "ऑप्शनल" म्हणून लिहिला होता. ऑप्शनल नाही तो. कारागीर आत असताना ज्या दाराला चुंबक आहे, तिथे तो पाहिजेच.

तिजोरीच्या खोलीचं उलटं. तिथे वीज गेल्यावर दार बंदच राहिलं पाहिजे, म्हणून मोटरवर चालणारा बोल्टचा लॉक घेतला. वीज नसली तरी बोल्ट आतच राहतो आणि अडचणीला खरी किल्ली आहे. ती किल्ली आता सील केलेल्या पाकिटात बँकेच्या लॉकरमध्ये. मामांना हे पटायला वेळ लागला. कंबरेचा जुडगा हलका झाला, असं म्हणाले.

आता त्या दोन तारा. मशीन बसवून डीलरची माणसं चहा पीत बसली होती. माझा धाकटा दीर वायरमनचं काम करतो. तो बाहेरून मशीन न्याहाळत होता. खालचा एक स्क्रू काढला, मशीन भिंतीवरच्या पट्टीवरून वर सरकवलं, मागे लोंबणाऱ्या तारांतल्या दोन ओळखून त्यांची टोकं एकमेकांना लावली. दार उघडलं. बोट नाही, चेहरा नाही, कार्ड नाही, एक स्क्रूड्रायव्हर. चहा तसाच राहिला. दीर म्हणाला, "वहिनी, हे चौदा हजारांचं डोअरबेल आहे."

कारण साधं आहे. स्वस्त बसवणुकीत कुलूप उघडणारा रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, त्या मशीनच्याच पोटात असतो, आणि मशीन असतं दाराच्या बाहेर. म्हणजे कुलपाच्या तारा चोराच्या बाजूला. खरं तर बाहेर फक्त ओळखणारा डोळा पाहिजे, आणि दार उघडायचा निर्णय घेणारा डबा आत. त्याला कंट्रोलर किंवा पॅनल म्हणतात. बाहेरचं मशीन आतल्या पॅनलला नुसता नंबर पाठवतं, उघडायचं की नाही ते पॅनल ठरवतं. मग बाहेरच्या तारा एकत्र केल्या तरी दार उघडत नाही. या जोडणीचा जुना प्रकार वीगंड, आणि नवा ओएसडीपी, ज्यात जाणारा संदेश कूटबद्ध करता येतो. आमच्या बजेटात वीगंड बसला. शिवाय मशीन भिंतीवरून हललं की भोंगा वाजवणारा छोटा स्विच बहुतेक मशीनांत असतो, पण बसवणारे तो चालूच करत नाहीत. कोटेशन वाढलं ते यामुळे, पॅनल आणि बोल्टचा लॉक मिळून. डीलर म्हणाला, वीस कारखान्यांत बसवलंय, कोणी असलं मागितलं नाही. त्या वीस कारखान्यांची मला खरंच काळजी वाटली.

तिजोरीच्या खोलीला दोन माणसांची बोटं लागतात. एक मामा किंवा हे, आणि एक मी किंवा आमचे दिवाणजी. दोघांनी काही सेकंदांच्या आत बोट आणि पिन दिला तरच बोल्ट सरकतो. आमची सगळ्यांची बोटं कागद-पेनाची, त्यामुळे तिथे झिजेचा प्रश्न नाही. त्रास आहे का? आहे. मामा दुपारी झोपले असतील आणि व्यापाऱ्याला नमुना दाखवायचा असेल तर खोळंबा होतो. पण खोलीचा दर उघड-बंद आता वेळेसकट लिहिला जातो, आणि ज्यासाठी हे घेतलं ते काम झालं.

कसं ते सांगते. काही दिवस रोज दहा-पंधरा ग्रॅमची तूट यायची, रात्री ठेवतानाचं वजन आणि सकाळी खालच्या काट्यावरचं वजन यांत. जुन्या कारागिराचं नाव कुजबुजीत यायला लागलं. मी नोंद काढली. रात्रीच्या वजनापासून सकाळी माल काढेपर्यंत खोली एकदाही उघडलेली नाही, आणि माल काढताना मी स्वतः तिथे. म्हणजे चांदी खोलीतून गेलेली नव्हती, फरक वजनातच होता. दिवाणजींनी दोन्ही काटे तपासले. खालचा काटा भट्टीची जागा बदलताना हलवला होता, आणि त्याच्या पातळीचा बुडबुडा गोलाच्या बाहेर गेलेला. पायाचे स्क्रू फिरवून बुडबुडा मधे आणला, फरक गेला. त्या कारागिराला कोणी काही विचारलं नव्हतं, आणि विचारायची वेळही आली नाही. आमच्यासारख्या गावात, जिथे माणूस तिसऱ्या पिढीपासून त्याच घरी कामाला आहे, तिथे एका संशयाची किंमत पंधरा ग्रॅमच्या कितीतरी पट. या मशीनला साडेचार.

पण नोंद काय सांगत नाही तेही ऐका. दार कोणी उघडलं हे सांगते, काय नेलं हे नाही. एकानं दार उघडलं आणि मागोमाग तिघे शिरले तर नोंदीत एकच नाव. त्यासाठी दाराच्या तोंडावर कॅमेरा लागतोच. प्रत्येकाचं येणं-जाणं जुळवणारी, म्हणजे बाहेर गेल्याची नोंद नसेल तर परत आत न घेणारी सोयही पॅनलमध्ये आहे. मुख्य दाराला ती चालू करून बघितली, आणि जेवणाच्या सुट्टीत निम्मे लोक बाहेर अडकले, कारण जाताना एकाच्या नोंदीवर सगळे एकदमच गेले होते. बंद केली.

कारागिरांची भीती हा भाग डीलर कधीच हाताळत नाहीत. घुंगरंवाल्या मावशीनं सरळ विचारलं, "बोट दिल्यावर खात्यातले पैसे गेले तर?" प्रश्न वेडा नाही. आधारच्या अंगठ्यावर पैसे काढून देणाऱ्या सोयीत बनावट ठशांनी फसवणूक झाल्याच्या बातम्या सगळ्यांनी ऐकल्या आहेत. आमच्या मशीनचा आधारशी काही संबंध नाही आणि त्यात बोटाचा फोटो राहत नाही, जुळणीच्या खुणांची आकडेवारी राहते, हे सांगितलं. शिवाय ज्यांच्याकडे स्मार्टफोन आहे त्यांना आधारच्या सरकारी ॲपमध्ये स्वतःचं आधारचं बायोमेट्रिक लॉक कसं करायचं ते बसून दाखवलं. ते सगळ्यांनी करून ठेवावं, कारखाना असो नसो. तरी दोघांनी नकार दिला. त्यांना कार्ड दिलं, वाद घातला नाही.

बनावट बोट ही नुसती कथा नाही. जपानमध्ये त्सुतोमु मात्सुमोतो यांनी २००२ मध्ये जिलेटिनची बोटं करून तेव्हाची ठसा वाचणारी यंत्रं फसवून दाखवली होती. २०१९ मध्ये बायोस्टार २ या, दारातून कोणाला आत सोडायचं ते सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा डेटाबेस इंटरनेटवर उघडा सापडला, त्यात दहा लाखांच्या वर लोकांचे ठसे असल्याचं तो शोधणाऱ्यांनी सांगितलं. २०२४ मध्ये कॅस्परस्की या सायबर सुरक्षेच्या कंपनीच्या संशोधकांनी एका चेहऱ्याच्या मशीनमध्ये २४ त्रुटी दाखवल्या, त्यातल्या एकीत खास बनवलेला क्यूआर कोड समोर धरून दार उघडता येत होतं. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, अनामिका बदलता येत नाही. म्हणून आमची मशीनं इंटरनेटला जोडलेलीच नाहीत. क्लाउड फुकट देतो म्हणाले, नको म्हटलं. नोंदी महिन्यातून एकदा पेनड्राइव्हवर घेते.

कायदाही आता आहे. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि टप्प्याटप्प्यानं लागू होत आहेत. नोकरीच्या कामासाठी आणि मालकाचं नुकसान टाळण्यासाठी माहिती वापरायला त्यात वाट आहे, पण मी तरी साध्या मराठीत एक पान करून सही घेतली आहे. काय घेतलं, कशाला घेतलं, काम सोडल्यावर पुसणार. काम सोडणाऱ्याचा हिशोब चुकता करताना त्याच्यासमोरच नोंद पुसते.

मामांना या सहीचं फार कौतुक वाटलं नाही. त्यांच्या उचलीच्या जुन्या वह्यांत पानोपान अंगठे आहेत, जांभळ्या शाईचे. कंपनी सरकारच्या काळापासूनचाच हा प्रकार. १८५८ मध्ये बंगालमधल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं राज्यधर कोनाई या कंत्राटदाराकडून रस्त्याच्या मालाचा करार करून घेताना कागदावर त्याच्या अख्ख्या हाताचा ठसा घेतला होता. माणसानं पुढे "ही सही माझी नाही" म्हणू नये म्हणून. धंद्यातलं बायोमेट्रिक तिथून, आपल्याच देशात सुरू झालं म्हणायला हरकत नाही. मामांचं म्हणणं, मग माझ्या वहीला काय झालं होतं? वहीला काही झालं नव्हतं, पण वही रात्री दारावर बसत नाही.

एक काम बसवल्या दिवशीच करा, डीलरची माणसं जायच्या आत. मेनूत स्वतःला ॲडमिन म्हणून नोंदवा. यातल्या बऱ्याच मशीनांत ॲडमिन नोंदवेपर्यंत मेनू सगळ्यांना उघडा असतो, कोणीही बटण दाबून स्वतःचं बोट घालू शकतो. कंपनीचा ठरलेला पासवर्ड असेल तर तोही बदला, तो मॅन्युअलमध्ये छापलेला असतो आणि मॅन्युअल नेटवर. बसवणाऱ्यानं चाचणीसाठी स्वतःचं बोट नोंदवलं असेल तर ते पुसून घ्या. आमच्यात "टेस्ट १" आणि "टेस्ट २" अशी दोन बोटं निघाली. कोणाची, ते विचारलं तर "असंच" म्हणाले.

सर्व्हिसबद्दल थोडक्यात. फोन उचलतात, येतात तिसऱ्या दिवशी. पावसाळ्यात विजा चमकल्यावर बाहेरच्या मशीनचा पॉवर सप्लाय उडाला तेव्हा वॉरंटीत बसत नाही म्हणाले, आणि अटींत तसं लिहिलेलंही होतं. वार्षिक देखभालीचा करार मी मशीनांसाठी घेतलाच नाही. बॅटऱ्या, दार आपोआप ओढून लावणारा क्लोजर आणि बोल्टला वंगण यांसाठी दीर आहे. दार नीट बंद झालं नाही तर चुंबक धरत नाही, आणि क्लोजरचं तेल गळलं की दार अर्ध्यावरच थांबतं. इथला निम्मा त्रास क्लोजरचा होता, बायोमेट्रिकचा नव्हे. डीलरला दोन.

कोणी पंचवीस हजारांत बसवायचं म्हणत असेल तर मी सांगेन, हजेरीचं मशीन राहू दे, चेहऱ्याचंही राहू दे. आधी तिजोरीच्या खोलीला आतला पॅनल, बोल्टचा लॉक आणि दोन माणसांचं बोट करा. मुख्य दाराला तूर्त माणूस आणि चांगलं कुलूप चालेल. डीलर नेमका उलटा क्रम सांगेल, कारण हजेरीचं मशीन एका दुपारी बसतं.

आमचं राहिलंय ते घरी जोडकाम करणाऱ्या बायकांचं. माल देताना आणि घेताना वजन होतं, तेव्हा काट्याला चेहऱ्याचं मशीन जोडून कोणी किती नेलं आणि किती आणलं हे आपोआप लिहिता येईल, असं नवं कोटेशन आलं आहे, एकतीस हजारांचं. जोडणीची तार काट्याच्या मागे उघडीच राहणार का, एवढंच मी विचारलं आहे. अजून उत्तर आलेलं नाही.